‘लगड’च्या नोंदी : संशयित कोणाला करायचं?

१८ ऑगस्ट २०२४

लघुपटाचं नाव तूर्त ‘लगड’, म्हणजे वितळवलेल्या सोन्याची कांडी. लांबी पंचवीस मिनिटांच्या आत. सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, सराफ कट्ट्यावरचं एक दुकान, रात्री शटर उचकटून घरफोडी. चोरी दाखवायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून पोलीस ठाण्याच्या आत-बाहेर जे चालतं तेवढंच दाखवायचं.

दिग्दर्शकाने पात्रांची पहिली यादी पाठवली. सराफ (मारवाडी, पन्नाशीचा), पीएसआय (तरुण, प्रामाणिक), हवालदार (सुटलेलं पोट, तोंडात तंबाखू), पारधी संशयित (तिशीचा, गप्प), बंगाली कारागीर (घाबरट), गलाईवाला (सोनं गाळणारा, चोरीचं सोनं घेणारा). बाई एकही नाही. आणि कंसातलं वाचलं की सिनेमा बघायची गरजच उरत नाही.

त्याचं म्हणणं असं की, पंचवीस मिनिटांत प्रत्येकाची ओळख करून द्यायला वेळ कुठून आणणार? टाइप लागतोच. हे मला मान्य आहे. गुन्हेपट टाइपांवरच चालतो. खबऱ्या पाहताक्षणी खबऱ्या वाटला नाही तर दृश्य उगाच ताणलं जातं. माझी तक्रार वेगळी आहे. ठरावीक समाजाच्या माणसाला ठरावीकच काम मिळतं, आणि पुढच्या सिनेमातही तेच मिळतं. ते तसं का मिळतं हे शोधल्याशिवाय पुढचा खर्डा लिहायचा नाही, असं ठरलं.

२५ ऑगस्ट

ओळखीतल्या एका निवृत्त हवालदारांकडे दुपारभर बसलो. घरफोडीचा गुन्हा नोंदवल्यापासून पुढे काय होतं ते त्यांनी क्रमाने सांगितलं. घटनास्थळाचा पंचनामा, ठसे घेणारे, श्वानपथक. कुत्रं बहुतेक वेळा हमरस्त्यापर्यंत जातं आणि तिथेच घुटमळतं, कारण तिथून चोर गाडीत बसलेले असतात. मग डीबी पथक, म्हणजे ठाण्याचं गुन्हे शोधणारं पथक, रेकॉर्डवरची माणसं उचलतं. तिकडे जिल्ह्याची एलसीबी (स्थानिक गुन्हे शाखा) समांतर तपास करत असते, त्यामुळे ठाण्याला घाई. वरून रोज एकच विचारणा, ‘डिटेक्शनचं काय?’

‘रेकॉर्डवरची म्हणजे कोण?’ असं विचारलं तर हसले. ‘गावाच्या कडेला पालं असतात ना, तिथनं सुरुवात. त्यांनी केलं असंल म्हणून नव्हं रे पोरा. ती लगेच घावतात म्हणून.’

हे वाक्य पटकथेत जसंच्या तसं जाणार.

दुसरी गोष्ट त्यांनी बोटांवर मोजून समजावली. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. पण आरोपीने सांगितलं आणि त्यावरून माल सापडला, तर तेवढा भाग चालतो. जुन्या पुरावा कायद्याचं कलम २७, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आलं आहे. म्हणून सगळा जोर रिकव्हरीवर. दागिना दागिना म्हणून फार दिवस राहत नाही, वितळून लगड होते. मग मुद्देमालात लगड दाखवायची, आणि लगड दाखवायची तर ती विकत घेणारा माणूसही हवा. त्याच्यासाठी भारतीय दंड संहितेचं कलम ४११. नवे कायदे १ जुलैला लागू झाले, आता न्याय संहितेत ते ३१७ आहे, पण यांच्या तोंडी अजून ‘चारशे अकरा’च. आमचा हवालदारही बोलताना जुनी कलमं बोलेल आणि लिहिताना नवी लिहील.

म्हणजे कागद पुरा व्हायला एक चोर, एक घेणारा, दोन पंच आणि वजनात बसणारा माल लागतो. ही सरळ सरळ पात्रयोजना आहे. फरक इतकाच की ती गुन्हा घडायच्या आधीच ठरलेली असते. आणि आम्ही सिनेमावाले फायलीने वाटून ठेवलेल्या त्याच भूमिका नट घेऊन भरतो.

३१ ऑगस्ट

आज विमुक्त दिन. पटकथेची पाठभूमी म्हणून एवढं तरी लिहून ठेवतो, कारण युनिटमधल्या निम्म्या लोकांना हे माहीत नाही.

इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. सुरुवातीला तो उत्तरेत होता, १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यापर्यंत आला. माणसाने काय केलं याला महत्त्व नव्हतं, कोणत्या जमातीत जन्मला ते पुरे. नोंदणी, हजेरी, गाव सोडायचं तर परवाना. सोलापुरात तारेच्या कुंपणात वसाहत केली, तिथल्या लोकांनी गिरण्यांत कामं केली. ‘सेटलमेंट’ हे नाव शहरात अजून आहे. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला, पण राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंदी आली आणि पारध्यांचा पिढीजात धंदाही बेकायदा ठरला.

हे सगळं सिनेमात सांगायचं नाही. सांगितलं की माहितीपट होतो. पण वेशभूषा आणि कलादिग्दर्शनाच्या वह्या पाहिल्या तेव्हा हा इतिहास कसा झिरपतो ते दिसलं. दोघांनीही, एकमेकांना न विचारता, पारधी पात्रासाठी तेच लिहिलं होतं. विस्कटलेले केस, फाटका शर्ट, चुलीचा धूर, कोपऱ्यात वाघूर, म्हणजे शिकारीचं जाळं. आज कोणाच्या पालात वाघूर टांगलेली असते? दोघांपैकी कुणीही कधी पारधी वस्तीत गेलेलं नाही. हे त्यांनी सिनेमांतून आणि पेपरांतल्या फोटोंतून उचललं आहे, आणि ते फोटो ‘टोळी जेरबंद’ या मथळ्याखालचे असतात. बुरखा घातलेले आरोपी जमिनीवर बसलेले, मागे खुर्च्यांवर पथक.

८ सप्टेंबर

गणपती बसलेत, त्यामुळे बैठक दिग्दर्शकाच्या घरी, मोदक आणि लॅपटॉप. जुने गुन्हेपट तुकड्यातुकड्यांनी पाहिले. हिंदीतले ठोकळे सगळ्यांना तोंडपाठ. तस्कराच्या अड्ड्यावरचा रॉबर्ट आणि त्याची मोना, गळ्यात क्रॉस आणि हातात ग्लास. दोस्तीला जान देणारा पठाण. बिल्डरच्या मागे उभा मद्रासी गुंड. आणि आपला मराठी माणूस? एकतर ‘साब साब’ करणारा हवालदार, नाहीतर शूटर. १९७५ च्या ‘पांडू हवालदार’मध्ये मराठीने हवालदाराला नायक केला, तो अपवाद.

दोन सिनेमांवर जास्त वेळ गेला.

‘अर्धसत्य’ (१९८३) श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून आला, पटकथा विजय तेंडुलकरांची. नायक अनंत वेलणकर या फौजदाराला बाप आहे, प्रेयसी आहे, लाज आहे, राग आहे. खलनायक रामा शेट्टीकडे सत्ता आहे. मनातली घालमेल मात्र सगळी वेलणकरच्या वाट्याला. शेट्टी हे आडनाव प्रेक्षकाला जेवढं सांगतं तेवढ्यावर त्याचं भागतं. सिनेमा थोर आहे, शेट्टी झालेले अमरापूरकर तर अफाट. म्हणूनच हे पटकन लक्षात येत नाही.

‘सत्या’ (१९९८) मध्ये उलटं. सत्याला आडनाव नाही, गाव नाही, मागचं काही नाही. भिकू म्हात्रेला आडनाव आहे, बायको आहे, पोरं आहेत, भांडण आहे, समुद्रासमोर ओरडायची हौस आहे. गुंड असूनही भिकू टाइपात मावत नाही. तो चांगला माणूस आहे का? अजिबात नाही. खून करतो, हसत करतो. पण हट्ट करतो, चिडतो, चुकतो आणि प्रत्येक वेळी त्याच्या करण्याने गोष्ट दुसरीकडे वळते.

ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड डायर यांनी सत्तरच्या दशकात केलेली एक फोड इथे कामाची वाटली. काही टाइप समाज आपले मानतो. ते कुठल्याही गोष्टीत टाका, गोष्ट कशीही जाऊ शकते. जे समाजाबाहेरचे मानले जातात त्यांचा टाइप येताना स्वतःची गोष्ट बरोबर घेऊनच येतो, शेवटासकट. प्रामाणिक पीएसआयचं काय होईल ते सांगता येत नाही. पालातल्या पारध्याचं सांगता येतं, मार खाईल. आमच्या यादीतही तेच.

२२ सप्टेंबर

विट्याला जाऊन आलो. गलाईचं पात्र लिहायचं तर तिथे जाणं भागच. खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गेल्या कित्येक पिढ्या सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सराफ पेठ असेल तिथे गलाईवाला सापडतो, आणि बोलायला लागला की सांगली जिल्ह्याचा निघतो.

ज्यांच्याकडे बसलो त्यांचं दुकान केरळात. गावी आले होते. मूस, भट्टी, तेजाब (आम्ल), टंच (सोन्याची शुद्धता), सगळं हाताने हवेत करून दाखवलं. मूस म्हणजे सोनं वितळवायचं भांडं. टाकणखार टाकला की मळ वर येतो. तेजाबात चांदी-तांबं विरघळतं, सोनं तळाला राहतं. सोनारांच्या दुकानातली झाडलोटही विकत घेतात आणि त्या मातीतून कण काढतात. रस ओतला की लगड. मी मध्येच विचारलं, लगड बघून मूळ दागिना ओळखता येतो का? ‘कसला ओळखतोय! गंठन असू दे न्हाईतर अंगठी. एकदा मुशीत गेलं की टंच आन् वजन, तिसरं काय ऱ्हात न्हाई.’

मग चहा आला आणि खरी गोष्ट निघाली. तिकडे कुठे चोरी झाली आणि चोराने ‘शेटला विकलं’ म्हटलं की पोलीस थेट दुकानात. चौकशी करायच्या आधीच वजन सांगतात. इतकं सोनं काढ. दिलं तर मुद्देमाल जमा, नाही दिलं तर आरोपी. भाषा धड येत नाही, गाव हजारेक किलोमीटरवर, संघटना करून जमेल तेवढं लढतात. ‘तिकडच्या पिक्चरात मराठी शेट म्हंजे चोरीचा मालच घेनारा,’ असं ते म्हणाले. मी तसा सिनेमा पाहिलेला नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही. पण त्यांच्या दुकानात जे घडतं ते आणि आमच्या गावाच्या कडेला पालात जे घडतं ते एकाच मुशीतलं आहे. इथे जो समाज दुसऱ्याकडे ‘रेकॉर्डवरचा’ म्हणून बघतो, तोच तिथे जाऊन रेकॉर्डवरचा होतो.

परतीच्या एसटीत गलाईवाल्याचं पात्र पुन्हा लिहायला घेतलं. आमच्या सिनेमात तो आपल्याच राज्यात, आपलीच भाषा बोलणारा. तरीही दाबला जाणारा. धंद्यावरचा शिक्का भाषेने पुसला जात नाही.

४ ऑक्टोबर

काल सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर. तुरुंगात जातीवरून कामं वाटणं घटनाबाह्य. तुरुंग नियमावल्यांत विमुक्त जमातींना जन्मजात सराईत धरणारे उल्लेखही गेले. शिवाय या जमातींतल्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असंही पोलिसांना बजावलंय. २०२४ साली हे सांगावं लागतं.

पीएसआयच्या टेबलावर वर्तमानपत्र पडलेलं दाखवायचं का, असा प्रश्न आला. नको. टेबलावर मथळा ठेवणं म्हणजे प्रेक्षकाच्या कानात ओरडणं.

१३ ऑक्टोबर

कथेची गाठ आज सुटली. विट्याहून आल्यापासून हॉलमार्क डोक्यात होता. १ एप्रिल २०२३ पासून दुकानातून विकल्या जाणाऱ्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, सक्तीचा आहे. म्हणजे सराफाने चोरीच्या मालाची यादी दिली तर पीएसआय सहज विचारू शकतो, नंबर द्या. निम्म्या दागिन्यांचे नंबर सराफाकडे नाहीत. का नाहीत? कारण ते दागिने त्याचे नाहीतच. गावातल्या बायकांनी गहाण ठेवलेले जुने डाग आहेत. राज्यात २०१४ च्या सावकारी कायद्याने परवान्याशिवाय गहाणवट चालत नाही, याच्याकडे परवाना नाही. त्यामुळे त्याने सगळं सोनं स्वतःच्या मालात लिहून दिलं.

मग गहाण ठेवणाऱ्यांपैकी एक बाई पालातली असेल तर? चांदीचे तोडे आणि दोन ग्रॅमचं डोरलं, शेळ्या घेण्यासाठी ठेवलेलं. हातात सराफाची चिठ्ठी. ज्या घरफोडीसाठी तिच्या भावाला उचललंय, त्याच घरफोडीत तिचाही माल गेलाय.

नाव सुरमा. यादीत बाई नव्हती, आता सगळा सिनेमाच तिच्याभोवती फिरतो. संशयितांच्या रांगेत उभं राहायचं सोडून ती काउंटरपलीकडून हिशेब मागते. सराफाला चिठ्ठी परत हवी, पीएसआयला ती पुरावा म्हणून हवी, हवालदाराला वाटतं चिठ्ठीच्या बदल्यात भावाचं बघता येईल. तिघांनाही तिच्याकडून काहीतरी हवंय. आजवर असं पात्र आलं की सगळ्यांना त्याच्याकडून फक्त कबुली हवी असायची.

२७ ऑक्टोबर

दिवाळीआधीची शेवटची बैठक, आणि भांडण.

दिग्दर्शकाला सुरमाचा भाऊ दहावीला केंद्रात पहिला आलेला, पोलीस भरतीची तयारी करणारा हवा. ‘लोकांना कळायला नको का की सगळे तसे नसतात?’ मी विरोध केला. हा गुणी मुलगाही टाइपच आहे, फक्त दुसऱ्या पेटीतला. तो एवढा चांगला असल्यामुळे त्याला पकडणं अन्याय वाटतो. मग जो दहावी नापास आहे, दारू पितो, मागे एकदा डिझेल चोरीत सापडला होता, त्याला या घरफोडीत डांबलं तर चालेल? पात्राला प्रमाणपत्र देऊन साचा मोडत नाही. निर्णय द्यावा लागतो, आणि तो निर्णय चुकायचीही मुभा द्यावी लागते. शेवटी भाऊ डिझेलवालाच ठरला. दिग्दर्शक दोन तास बोलला नाही, मग चहा मागवला.

बंगाली कारागीर काढून टाकला. झवेरी बाजारापासून तालुक्यापर्यंत नक्षीचं बारीक काम मिदनापूर-हुगळीकडचे कारागीर करतात, त्यामुळे तो दुकानाच्या माळ्यावर असणं अगदी खरं आहे. पण आमच्या गोष्टीत त्याला संशय घ्यायला उभं करण्यापलीकडे काम नव्हतं.

सराफाचं काय करायचं? मारवाडी सावकार हा मराठी गोष्टींतला फार जुना माणूस. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी खतं, रोखे जाळले. तो राग कर्जाचा आणि कोर्टाच्या जप्तीचा होता. गोष्टींत मात्र राग गळून पडला आणि फक्त पगडीतला मारवाडी उरला. ते नको म्हणून मी सुचवलं, सराफाला आडनावच देऊ नये. सगळे ‘शेठ’ म्हणतात, पाटीवर ‘अंबिका ज्वेलर्स’. सगळ्यांना पटलं.

१५ डिसेंबर

निवडणुकीमुळे नोव्हेंबर वाया गेला. पोलीस बंदोबस्तात, परवानगीची फाईल टेबलावर.

आज वाचन. सुरमाचं काम करणारी मुलगी स्वतः पारधी समाजातली. आश्रमशाळेत शिकली, पथनाट्यं केली, आता संस्थेत नोकरी करते. पटकथा तिने पेन हातात घेऊन वाचली आणि बाजूला खुणा केल्या.

पहिला प्रश्न, ‘आम्ही कायम पालासमोर उकिडवेच का बसलेले असतो?’ दुसरा, ‘दारात मोटरसायकल का नाही? हप्त्यावरची तरी ठेवा.’ तिसरा प्रश्न ऐकून सगळेच गप्प. ‘शेठला आडनाव नाही दिलं, का तर समाज बदनाम व्हायला नको. मग मला काळे, भावाला पवार कशाला?’ सुरमा काळे सासरचं, भाऊ माहेरचा पवार. पारध्यांत काळे, पवार, भोसले, चव्हाण, शिंदे हीच आडनावं असतात, म्हणून आम्ही दिली होती. तिचं म्हणणं बिनतोड आहे. ज्याच्या हातात दुकान आहे त्याला नुसतं माणूस राहायची सोय, आणि जात सांगायचं काम पालातल्यांनी करायचं. सराफ आता पोतदार झाला. त्याला मुलीच्या लग्नाची काळजीही दिली. सगळ्यांना आडनाव, सगळ्यांना घर.

चौथी सूचना भाषेची. भावा-बहिणीचं कोठडीच्या गजांशी होणारं बोलणं त्यांच्या बोलीत हवं, गुजरातीच्या अंगाने जाणारी. मला आवडलं. कॅमेरामनचं मत, सबटायटल देऊ नये, पोलिसांना कळत नाही तसं प्रेक्षकालाही कळू नये, गूढ वाटेल. गूढ कशाला? गूढ वाटणं हाच तर जुना खेळ आहे. आम्ही सबटायटल देणार. प्रेक्षकाला सगळं कळेल आणि खोलीतल्या पोलिसांना काही कळणार नाही. नाहीतर प्रेक्षकाची खुर्ची आपोआप ठाण्याच्या बाजूला लागते.

दोघं काय बोलतात? ती त्याला शिव्या घालते, शेळ्या बघायला कोणी नाही म्हणून.

५ जानेवारी २०२५

पीएसआयचं आडनावही पवारच ठेवलं. एमपीएससी करून आलेला, माढ्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. निर्माता म्हणाला गोंधळ होईल. व्हायला हवा. ठाणे अंमलदार फोनवर सांगतो, ‘पवार साहेब राउंडला गेलेत, पवारला आत बसवलाय.’ त्यावर कुणी हसत नाही, फोन ठेवला जातो, पुढचं दृश्य.

हवालदाराचं पोट राहिलं. नट तसाच मिळाला. पण त्याचं काम बदललं. तो विनोद करत नाही, लिहितो. त्याच्याइतका स्वच्छ पंचनामा तालुक्यात कोणी लिहीत नाही. ‘समक्ष’, ‘सदर’, ‘नमूद’ असली भाषा तो जेवताना डाळीलाही लावेल. फायलीतली पात्रयोजना त्याच्याच हाताने होते, आणि त्याला ती कट वाटत नाही, नेटकं काम वाटतं.

१९ जानेवारी

चित्रीकरण, चिठ्ठीचं दृश्य. दुकानाची मागची खोली, फुटकी तिजोरी तशीच. पोतदार आधी ‘ए सुरमे’ म्हणत असतो. चिठ्ठी तिच्याकडे आहे हे कळल्यावर ‘बसा की’ म्हणतो. ती बसत नाही.

तो गहाण ठेवल्या दिवशीची रक्कम सांगतो. ती म्हणते, आजच्या भावानं. तो चांदीत घट धरतो, तोडे झिजले होते म्हणतो. ती म्हणते, ‘ठिवताना काट्यावर ठिवलं तवा झिजलं न्हवतं, आता तोडंच न्हाईत तर झिजलं कुठनं?’ मग घडणावळ मागते. पोतदार म्हणतो, जुन्या डागाला घडणावळ कोण देतं? ती चिठ्ठी कमरेच्या पिशवीत परत ठेवते. एवढंच. एका बाजूने कॅमेरा, कट नाही. दुसऱ्या टेकला काट्याची पारडी तिच्या पदराने हलली आणि पोतदारचं काम करणाऱ्याने सवयीने हात लावून थांबवली. तो टेक ठेवला.

शेवटी ती पैसे घेते आणि चिठ्ठी देते. पीएसआयचा पुरावा गेला. दिग्दर्शक अजून म्हणतो की तिने पीएसआयकडे जायला हवं होतं. कशाला? त्या पीएसआयने तिच्या भावाला सकाळी कोर्टात उभं करून कोठडी घेतली आहे. या पैशांतून तिला वकील करायचाय.

पुढे गलाईवाल्याकडून वजन पुरं करून घेतलं जातं, मुद्देमाल पंचनाम्यात लगड येते, टेबलावर फोटो, पथकाचं अभिनंदन. तेवढं पटपट उरकायचं.

१६ फेब्रुवारी

संकलन. चोर दाखवायचे की नाही हा प्रश्न मुद्दाम शेवटपर्यंत ठेवला होता. सीसीटीव्हीत हेल्मेट घातलेले दोघं, एवढंच आहे. चेहरा दिला की कुठल्यातरी समाजाचा द्यावा लागतो, त्यापेक्षा हेल्मेट बरं. कॅमेरामन म्हणतो ही पळवाट आहे. थोडीशी आहे. पण चोर कोण हे ठाण्यातही कोणाला जाणून घ्यायचं नव्हतं, त्यामुळे गोष्टीला धरून आहे.

पहिली चौकट बदलली. आधी पालावर पोलिसांची जीप येते असं होतं. सुरुवात तिथून केली की पालाची पहिली ओळख जीपच्या काचेतून होते. आता सुरुवात दुकानात. सुरमा वायदा वाढवून घ्यायला आलीय, चोरीच्या आदल्या संध्याकाळी, पोतदार चष्मा शोधतोय. जीप येते तेव्हा प्रेक्षक तिला ओळखतो.

२ मार्च

वीसेक लोकांना दाखवला. चोर कोण असेल, यावर तिथेच पैजा लागल्या. बहुतेकांनी गलाईवाल्याचं नाव घेतलं. त्याने काहीही केलेलं नसताना. विट्याला फोन करून सांगितलं तर पलीकडून मोठ्याने हसणं आलं.

एका निवृत्त शिक्षकांनी मनापासून हरकत घेतली. बाई पैशाला लोभी दाखवलीत, आधीच त्या समाजाकडे लोक वाईट नजरेने बघतात, तिला लढाऊ दाखवायची होती. सुरमाचं काम करणारी मागेच बसली होती. ‘सर, तुमच्या घरच्या बाया सराफाकडं भाव करत नाहीत का?’ सरांनी मान डोलावली, पण पटलं नव्हतं. मला वाटतं, हा आक्षेप प्रत्येक खेळाला येणार आणि प्रत्येक वेळी बोलावं लागणार.

महोत्सवाच्या अर्जासाठी कोणीतरी दोन ओळींचा सारांश लिहून ठेवला होता, ‘एका आदिवासी स्त्रीची न्यायासाठीची झुंज’. पोस्टरवर गजांमागे अर्धा अंधारातला चेहरा. दोन्ही काढलं. आता सारांश असा आहे : ‘सराफाकडे घरफोडी होते. गहाण टाकलेल्या डागांची किंमत वसूल करायला सुरमा काळे दुकानात येते.’ पोस्टरवर काउंटर, काटा आणि समोरासमोर ती आणि पोतदार. अर्ज भरला. श्रेयनामावलीत हवालदाराच्या हाताखालच्या दोघा शिपायांना ‘पोलीस १’, ‘पोलीस २’ असं लिहिलंय, त्यांची नावं उद्या ठरवायची.